लिंबांवर उभा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर जागचा तसूभरही न हलवता मी त्याची पुढची चाकं सरळ केली, आणि "झाली सरळ" असं सांगून दाजींना त्यावर बसवून दिलं.

ज्यांना ट्रॅक्टरमधलं काही कळतं, ते इथंच कपाळाला हात लावतील. बाकीच्यांसाठी, म्हणजे त्या वेळच्या माझ्यासारख्या विद्वानांसाठी, नीट सांगतो.

हैदराबाद राज्य मोडायचं नक्की झालं होतं. मराठवाडा एकीकडे जाणार, कानडी जिल्हे दुसरीकडे, आणि आम्ही जिथं बसलो होतो तिथंच राहून तिसरीकडे जाणार. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक एकमेकांना नमस्कार करायचे सोडून "तुमचं काय ठरलं?" एवढंच विचारत. एखाद्या सकाळी उठून पाहावं, तर समोरच्या घराच्या ओट्यावर ट्रंका रचलेल्या असत. संध्याकाळी त्या घराला कुलूप. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत असलेली माणसं, जायच्या आधी भांडून नाही, रडून नाही, नुसती गप्प होऊन जात होती. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची. म्हणून मी जरा जास्तच बोलायचो.

मी तेव्हा एका सरकारी दफ्तरात नकाशे गिरवायच्या कामाला होतो. आमच्या दफ्तराला लागूनच सरकारी गाड्यांचा कारखाना होता. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथल्या लिंबाखाली बसायचो आणि मिस्त्री लोकांचं काम बघायचो. बघितलं म्हणजे आलं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. ट्रॅक्टरची पुढची चाकं सरळ करताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं. ते दोन्ही टायरांच्या मधोमध, पुढच्या बाजूला, खडूनं खुणा करायचे आणि दोन खुणांमधलं अंतर दोरीनं मोजायचे. मग ट्रॅक्टर जरा पुढं ढकलायचे. मग तेच अंतर चाकांच्या मागच्या बाजूला मोजायचे. पुढचं अंतर मागच्यापेक्षा बोटभर कमी भरलं पाहिजे, म्हणजे चाकं पुढून किंचित जवळ हवीत. तरच गाडी हातात राहते. नाही भरलं, तर दोन चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून लांब-आखूड करायचा. झालं!

ते मधेच ट्रॅक्टर ढकलतात कशाला, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ऊन अंगावर आलं म्हणून सावलीत घेतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शेती खात्यात होते, विद्यानगरला भाड्याच्या घरात राहायचे. त्यांचं गाव नांदेडच्या पलीकडं, म्हणून त्यांनी मराठवाड्यातली नेमणूक मागून घेतली होती. गावाकडचा एक जुना ट्रॅक्टर इंजिनाच्या दुरुस्तीसाठी शहरात आणला होता आणि घरामागच्या मोकळ्या जागेत उभा होता. उन्हाळ्यात तोच चालू करताना हँडलनं उलटा झटका दिला आणि दाजींचं उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण वेडंवाकडं. त्या हातानं त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा नीट उचलता येत नसे.

आणि हा माणूस म्हणत होता, मी ट्रॅक्टर रस्त्यानं गावी नेणार. कारण अफवा. सीमा झाली की नाके बसतील, गाड्या अडवतील, महिनोन्‌महिने सोडणार नाहीत. अफझलगंजच्या दुकानदारापासून आमच्या दफ्तरातल्या साहेबापर्यंत सगळे हेच सांगत. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर सगळ्यांना खात्री होती. दाजींनी दसरा धरला.

अक्का एका गोष्टीवर अडून बसली. त्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हातात थरथर कापायचं. ती म्हणाली, "ह्यांच्या मनगटात जीव नाही. चाकं नीट झाल्याशिवाय मी ह्यांना फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. वाटेत तळ्याचे बांध आहेत, घाट आहेत. हातातून चाक सुटलं तर?"

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "मी करतो की."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. "तुला येतं?"

"रोज बघतो."

आता दसऱ्याच्या आधी आठवडाभर वेळ होता, हे खरं. पण मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. शेवटी खंडेनवमीच्या दुपारी डुलत डुलत विद्यानगरला गेलो, तर तोवर पूजा होऊन गेलेली. ट्रॅक्टरच्या नाकावर झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. रीत तुम्हाला माहीतच आहे. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी हलवायचं नाही. दसऱ्याला मुहूर्तावर पहिल्यांदा निघालं की चाकाखाली लिंबू चिरडलं पाहिजे. वाटेवरची इडापीडा त्या लिंबावर जाते. अक्कानं पाने आणि पकडीसुद्धा पाटावर मांडून त्यांना गंध लावलं होतं.

"आता कुठं आलास?" ती म्हणाली. "आज हत्यारांना हात लावायचा नसतो."

"बरं, नाही लावत," मी म्हणालो, आणि ती आत पुरणाकडं वळली तसा कोपऱ्यावरच्या मोटार मिस्त्रीकडून पाना मागून आणला.

तो पाना देताना म्हणाला, "आज तुम लोगां के औजारां की पूजा है ना मियाँ? फिर कायकू हात लगारे?"

मी म्हणालो, "पूजा आमच्या औजारांची झाली. हे तुमचं आहे."

माझ्या हजरजबाबीपणावर मी खूश होऊन परतलो. तो हसला नव्हता, हे मागून आठवलं.

ट्रॅक्टर ढकलायचा प्रश्नच नव्हता. लिंबं चिरडली असती. आणि परसात सावली होतीच, मग ढकलायचा कशाला? मी पुढं मोजलं, मागं मोजलं. पुढचं अंतर बरंच कमी भरलं. बोटभर नव्हे, चांगलं चार बोटं. चाकं आत दबलीत, म्हणूनच थरथरतात! असं मनाशी म्हणत मी ट्रॅक्टरखाली उताणा शिरलो, टाय रॉडचे नट सैल केले आणि दांडा फिरवत फिरवत चाकं पुढून फाकवली, पुढचं अंतर मागच्यापेक्षा बोटभरच कमी राहीपर्यंत. बाहेर येताना डोकं वर आपटलं आणि झेंडूचा हार तुटून मातीत पडला. मी तो झटकून पुन्हा गाठ मारून लावला.

संध्याकाळी अक्कानं ती गाठ पाहिली. हार कुणी काढला, असं तिनं विचारलं नाही. नुसती गाठीवरून बोट फिरवून आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी दाजी चढून बसले. मी हँडल मारलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं, म्हणून मी आजूबाजूच्या बायकांकडं जरा ऐटीत पाहिलं. दाजींनी गियर टाकला. उजव्या चाकाखालचं लिंबू फच्‌कन चिरडलं. डावीकडचं चिरडलं नाही. ते टायरखालून निसटलं आणि अख्खंच्या अख्खं घरंगळत माझ्या पायापाशी येऊन थांबलं.

ओवाळायला उभ्या असलेल्या शेजारणीनं ताट खाली घेतलं.

"थांबा," अक्का म्हणाली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं, "काय रे, चाकं सरळ झालीत ना नक्की?"

आता त्या क्षणी मला कुणी शपथ घालून विचारलं असतं, तरी मी हेच सांगितलं असतं. "झाली सरळ, दाजी. बिनधास्त जा."

अक्का माझ्याकडं पाहत होती. मग तिनं होकारार्थी मान हलवली आणि दाजी फाटकातून बाहेर पडले. ती स्वतः दोन दिवसांनी सामान घेऊन रेल्वेनं जाणार होती. ट्रॅक्टरचा आवाज वळणावर गेला, मग बंद झाला, आणि मी रिकाम्या परसात उभा राहून बिडी काढली.

काडी ओढायला वाकलो, तेव्हा धुळीतल्या चाकोऱ्या दिसल्या. उजव्या पुढच्या चाकाची चाकोरी ताणलेल्या दोरीसारखी गेली होती. डाव्या चाकाची तशी नव्हती. ती आत यायची, बाहेर जायची, पुन्हा आत यायची. फाटकापर्यंत, अगदी साप गेल्यासारखी.

मी बिडी न पेटवताच खाली बसलो.

रिंग वाकडी होती. चाकाची लोखंडी रिंगच कधीतरी दगडाला आपटून वाकलेली होती. म्हणून स्टिअरिंग थरथरायचं. आणि पूजेसाठी ट्रॅक्टर उभा केला, तेव्हा त्या रिंगचा आत वळलेला भाग नेमका पुढं आला होता. मी मोजला तो चाकांचा कोन नव्हताच, रिंगचा बाक होता. कारखान्यातले लोक ट्रॅक्टर मधेच का ढकलत, ते मला तेव्हा कळलं. चाक अर्धं फिरवून पुढची खूणच मागं आणायची, म्हणजे दोन्ही वेळा टायरवरची तीच जागा मोजली जाते. रिंग वाकडी असली तरी फसवत नाही. सावली कुणालाच नको होती. आणि मी बरी असलेली चाकं पुढून फाकवून ठेवली होती. अशी गाडी सरळ चालत नाही. खड्डा आला की त्या बाजूला झेप घेते, आणि तिला आवरायला दोन धड मनगटं लागतात.

अक्का दारात आली. "काय बघतोस रे?"

"काही नाही. शमीची पानं आणतो जाऊन," मी म्हणालो.

भिंतीला दाजींची सायकल होती. पाना, दोरी आणि खडू खिशात कोंबून मी निघालो.

सिकंदराबाद ओलांडेपर्यंत रस्त्यावर सणाची गर्दी होती, नवे कपडे घातलेली माणसं. त्यांच्यातून मी वाट काढत होतो आणि जो भेटेल त्याला ट्रॅक्टर गेला का विचारत होतो. सगळ्यांनी पाहिला होता, हीच तर भीतीची गोष्ट. चांगला चालणारा ट्रॅक्टर कुणाच्या लक्षात राहत नाही. एक पानवाला म्हणाला, "हौ, गया ना. झूमता जारा था मियाँ, पिये वाले आदमी सरीखा." पुढं एका बाईनं काही न बोलता हातानं नागमोड काढून दाखवली.

मग वस्ती संपली. मेडचलच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नुसते खडक आणि वाळत चाललेली भातं. दुपार कलत होती. माझी सावली सायकलच्या पुढं-मागं होत होती, आणि मी दाजींच्या जागी अक्काचा चेहरा मनात आणत होतो. तिला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळत नव्हतं. रस्त्यात मऊ माती आली की मी उतरून चाकोऱ्या बघायचो. जसा पुढं जात होतो, तशा त्या जास्त जास्त भरकटत होत्या. एके ठिकाणी दाजी पार उजव्या कडेला जाऊन परत आलेले दिसले. एके ठिकाणी थांबलेले; धुळीत बुटांचे ठसे होते, आणि पुढच्या चाकाभोवती फिरल्याच्या खुणा. ते उतरून बघून गेले होते. परत मात्र फिरले नव्हते.

तळं आलं तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. रस्ता तळ्याच्या बांधावरूनच जात होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल उतरलेली शेतं. बतकम्मा, म्हणजे तिकडच्या बायकांचा फुलांचा सण, नुकताच होऊन गेला होता. बायकांनी पाण्यात सोडलेली फुलं, तंगेडूची म्हणजे तरवडाची आणि झेंडूची, काठाशी गोळा होऊन कुजत होती, आणि त्यांचा गोडसर वास बांधभर साचला होता. माणूस कुणी नव्हतं.

मी सायकल हातात धरून चाकोरीमागं चालू लागलो. ती मधे होती. मग पाण्याकडं वळली. मग एकदम तिरपी होऊन शेताच्या बाजूनं बांधाच्या कडेला गेली, आणि कडेवरचं गवत उकरून संपली.

खाली बघायचं होतं आणि पाय पुढं जात नव्हते.

"आला का दिवटा?" खालून आवाज आला.

उतारावर एक ताडाचं झाड होतं. ट्रॅक्टर नाकानं त्याला टेकून, मागची चाकं वर करून, देवाला दंडवत घातल्यासारखा उभा होता. शेजारी दाजी बसले होते. धोतराचा काठ फाडून उजवं मनगट बांधलं होतं. ते मडक्याएवढं सुजलं होतं. चेहरा राखेसारखा.

"दाजी, मी..."

"आधी हे सांग," ते म्हणाले, "तू चाकं मोजलीस ती ट्रॅक्टर पुढं ढकलून मोजलीस का?"

"लिंबं होती, दाजी."

दाजींनी डोळे मिटले. "लिंबं होती," ते स्वतःशीच म्हणाले. "खड्ड्यात गेली ती लिंबं."

ताडी उतरवणारे काही गावकरी मडकी घेऊन खालून येत होते. दाजींनी त्यांच्याशी तेलुगूतून बोलणं केलं. त्यांनी दोर लावला, मी खांदा लावला, आणि "मेल्लगा, मेल्लगा" म्हणजे सावकाश, सावकाश, असं एकमेकांना बजावत सगळ्यांनी मिळून तो ट्रॅक्टर पुन्हा बांधावर चढवला. टाय रॉड शाबूत होता. नशीबच म्हणायचं, माझी मात्र त्यात काही करामत नव्हती.

मग दाजी दगडावर बसले आणि मी त्यांच्या नजरेखाली सगळं पुन्हा केलं. खडूनं पुढं खुणा. दोरीनं अंतर, दोरीला गाठ. गावकऱ्यांनी ट्रॅक्टर ढकलला, चाक अर्धं फिरलं, त्याच खुणा मागं आल्या. पुन्हा दोरी. गाठ कुठल्या कुठं पडली. मी आत शिरलो, दांडा उलटा फिरवला, नट आवळले. "पुन्हा मोज," दाजी म्हणाले. मोजलं. "पुन्हा ढकला." ढकलला. पुन्हा मोजलं. पुढचं अंतर बोटभर कमी, जसं हवं तसं. दाजींनी स्वतः वाकून दोरी डोळ्यांजवळ धरून बघितली. गावकरी आमच्याकडं, कुणी पिशाच्च उतरवताना बघावं तसे बघत होते.

ऊन डोंगराआड गेलं. उरलेला बांध समोर पडला होता, अरुंद, आणि पाणी काळं होत चाललं होतं. दाजींचा हात हलत नव्हता. त्या गावकऱ्यांचं गाव बांधाच्या पलीकडं होतं. तिथं पोचलं तर मुक्काम, वैदू, सगळं मिळणार होतं.

"बस," दाजी म्हणाले.

"मी?"

"मग कोण, ते ताडाचं झाड?"

परसात एकदा पुढं-मागं केलं होतं, एवढाच माझा ट्रॅक्टर चालवण्याचा अनुभव. हँडल मारलं, चढलो, गियर टाकला. मागं वळून म्हणालो, "दाजी, बसा ना मडगार्डवर." ते बसले नाहीत. हात छातीशी धरून, मला बऱ्यापैकी अंतर देऊन मागून चालत राहिले. गावकरी त्यांच्याही मागून.

तो बांध मी कसा ओलांडला, हे मला सांगता येणार नाही. डावीकडं बघितलं की पाणी, उजवीकडं बघितलं की शेतं खोल खाली. मी कुठंच न बघता नाकासमोर बघत होतो. वाकड्या रिंगमुळं स्टिअरिंग हातात थरथरत होतं. पण गाडी ओढत नव्हती. एक खड्डा आला. मी डोळे मिटून घेतले. गाडी खड्ड्यातून सरळ बाहेर आली. पलीकडच्या पहिल्या घराच्या भिंतीशी मी ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरलो. चाक धरून उभा राहिलो.

दाजी चालत येऊन पोचले. घामानं डबडबलेले, तोंडावर धुळीचा थर. त्यांनी आधी दोन्ही पुढच्या टायरांवरून धड असलेला हात फिरवला, मग माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, आता दोन शब्द चांगले ऐकायला मिळतील. म्हणालो, "दाजी, तुम्ही बसला का नाहीत? एवढा भरवसा उडाला?"

"मी का बसू? माझ्यामागं तुझी अक्का आहे."

"आणि मी पडलो असतो तर? अक्का माझ्यासाठी रडली नसती?"

दाजींनी मनगट सावरत भिंतीला पाठ टेकली.

"तुझ्यासाठी?" ते म्हणाले. "ती विचारणार होती, ट्रॅक्टर तरी वाचला का."